मार्चमधले कॉलेजचे सामने

"ह्यांना ॲडमिशनला मार्क लागत नाहीत, उंची लागते," काका म्हणाले.

टीव्हीवर एक सडपातळ, उंच, काळा मुलगा फ्री थ्रो टाकायला उभा होता. पडद्याच्या खालच्या पट्टीत त्याचं कॉलेज, त्याचं वर्ष आणि तो काय शिकतो हे झळकून गेलं. तो समाजशास्त्र शिकत होता. त्यावरून काकांना ते सुचलं असावं.

"आपल्याकडे तर उंचीही लागत नाही," सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माझा सहकारी म्हणाला. "एक सर्टिफिकेट आणायचं, बस."

सगळे हसले. काकू किचनमधून भज्यांची प्लेट घेऊन येत होत्या, त्याही हसल्या. मीही हसले. दात न दाखवता, नाकातून, आपण ऐकलंय एवढंच कळावं इतपत. त्या मुलाने दोन्ही फ्री थ्रो व्यवस्थित टाकले.

काका-काकू माझे नात्याने कोणी नव्हेत. नव्वदच्या दशकात मी सॉफ्टवेअरच्या कामासाठी पुण्याहून अमेरिकेत, रेडमंडला आले, तेव्हा ऑफिसमधल्या कोणीतरी माझा नंबर काकूंना दिला. पहिल्याच रविवारी त्यांचा फोन आला आणि ओळखपाळख न विचारता त्या म्हणाल्या, "आल्यापासून पोळी खाल्लीस का गं?" मला गाडी येत नव्हती. हा सहकारीही पुण्याचा, माझ्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहणारा. रोज ऑफिसला मला तोच न्यायचा आणि शनिवारी काकांकडेही. काका तिथे वीस वर्षं होते. एका चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये त्यांनी मला गाडी शिकवायला घेतली, आणि मी तिसऱ्यांदा खांबाजवळ ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला तेव्हाही आवाज चढवला नाही. मला फ्लू झाला तर काकूंनी चार दिवस घरी ठेवून घेतलं, मऊ भात करून घातला. हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे त्यावरून ती वाईट माणसं वाटतील, आणि ती वाईट नव्हती.

त्यांना माझ्याबद्दल एक गोष्ट माहीत नव्हती. आम्ही बौद्ध. माझी इंजिनिअरिंगची सीट राखीव जागेतली. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागणारं. तसं आडनाव कुठल्याही जातीत सापडतं. शाळा कॉन्व्हेंटची. मराठी मी बेताचं बोलायची, आणि जे बोलायची ते पुस्तकातलं. एवढ्या भांडवलावर त्यांनी मला आपल्यात धरलं. पहिल्या भाद्रपदात काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" गणपती बसतो का, हे त्यांनी विचारलं नाही. तो बसतच असणार. प्रश्न फक्त दिवसांचा. मी म्हटलं, "दीड." आमच्या घरी गणपती कधीच बसला नव्हता. शेजारच्यांचा दीड दिवसाचा असायचा, तो आकडा तोंडात आला.

त्या एका शब्दावर मला ते घर मिळालं. आणि त्या दिवसापासून ते घर सुटण्याची भीतीही माझ्यासोबत राहायला आली.

बास्केटबॉल मला नवा नव्हता. आमच्या शाळेत सिमेंटचं कोर्ट होतं. मी खेळायची नाही, पण आमच्या सिस्टरनी ओळखलं होतं की ही मुलगी गप्प बसते आणि बघत राहते, म्हणून सातवीपासून स्कोअरशीट माझ्याकडे आलं. कोणी बास्केट केली, कोणाचा फाउल, कोणी किती वेळ बाहेर बसलं, हे सगळं पेन्सिलीने लिहायचं. खेळणाऱ्या मुलींना फक्त आपली बास्केट आठवते. स्कोअर लिहिणारीला सगळ्यांचंच आठवतं.

रेडमंडच्या पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार व्हायचा, पाऊस अंगाला न लागताही कपडे ओलसर राहायचे. रूमवर येऊन मी टीव्ही लावायची आणि आमच्या भागातल्या व्यावसायिक टीमचे सामने बघायची. बघता बघता माझी मतं तयार झाली. ती मी कोणाला सांगत नसे.

एक मत असं होतं की सगळ्यात चांगला खेळाडू कोण हे ठरवताना लोक चुकीच्या माणसाकडे बघतात. त्या काळी सगळे उड्या बघायचे. हवेत लटकणारा माणूस, मग त्याचं पोस्टर, मग त्याचे बूट. मला आमच्या टीमचा एक राखीव खेळाडू आवडायचा. तो स्क्रीन द्यायचा. म्हणजे आपल्या माणसाचा पाठलाग करणाऱ्याच्या वाटेत जाऊन नुसतं उभं राहायचं, हलायचं नाही, छातीवर धक्का घ्यायचा, आणि तेवढ्यात आपला माणूस मोकळा सुटून बास्केट करतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ज्याने बास्केट केली त्याचे आकडे येत. जो उभा राहिला त्याचा कुठेच रकाना नव्हता. आमच्या शाळेच्या स्कोअरशीटवरही नव्हता.

दुसरं मत कॉलेजच्या सामन्यांबद्दल होतं, आणि त्या बाबतीत मी ऑफिसात अगदी एकटी होते. मार्च आला की ऑफिसातले सगळे कॉलेज स्पर्धेचा तक्ता भरत. चौसष्ट टीम, एकदा हरलात की घरी. कोण जिंकणार याचे अंदाज क्यूबिकलच्या भिंतीवर टाचणीने लावलेले असायचे. सगळे म्हणायचे की खरा खेळ कॉलेजचा, कारण ही मुलं प्रेमाने खेळतात, पैशासाठी नाही. मला हे पटायचं नाही. कॉलेजचा कोच टाय लावून मैदानाच्या कडेने येरझारा घालायचा, त्याला पगार होता. टीव्हीवाल्यांना पगार होता. स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विकणाऱ्यालासुद्धा होता. फक्त जे धावत होते त्यांना नव्हता, आणि त्यालाच शुद्धता म्हणायचं. गुडघा गेला की मुलगा पडद्यावरून नाहीसा व्हायचा. पास बरोबर पडला की कॅमेरा कोचवर जायचा, पास चुकला की मुलाच्या चेहऱ्यावर. व्यावसायिक खेळाला लोक लोभी म्हणत, पण तिथे निदान कोणी खोटं बोलत नव्हतं.

त्या वर्षांत काही मुलं शाळा संपवून, कॉलेजला न जाता थेट व्यावसायिक खेळात जायला लागली होती. त्यावर काका फार चिडायचे. "शिक्षणाची किंमत नाही ह्यांना. फुकट मिळतंय तर घ्या की." मला वाटायचं, ज्याला आपलं काम आठ वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे त्याने ते चार वर्षं फुकट का करावं? पण हे मी मनातच ठेवायची, बोलायची नाही.

मी जिच्याशी थोडंफार बोलायची ती काकांची मुलगी. तेरा वर्षांची, शाळेच्या टीममध्ये गार्ड होती, म्हणजे बॉल आपटत पुढे न्यायचं काम तिचं. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीतून यायचं. मला ताई म्हणायची. तिच्या शाळेच्या सामन्याला मी एकदा गेले होते. परत येताना गाडीत मी तिला म्हटलं की तू ड्रिबल करताना बॉलकडे बघतेस, म्हणून डावीकडची मुलगी मोकळी असली तरी तुला दिसत नाही. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "नोबडी एव्हर टोल्ड मी दॅट," ती म्हणाली. त्यानंतर शनिवारी ती माझ्याजवळ, खाली कार्पेटवर बसायला लागली.

उंचीच्या त्या विनोदानंतरच्या आठवड्यात मी काकांकडे एक वही नेली. कारण मला स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं. विनोद मला लागला होता, पण माझ्यासाठी लागला की टीव्हीवरच्या त्या मुलासाठी, हे कळत नव्हतं. मोजायला बसले की मला शांत वाटतं. मी पानावर उभी रेघ मारली. गोऱ्या खेळाडूबद्दल समालोचक काय म्हणतो ते डावीकडे, काळ्याबद्दल काय म्हणतो ते उजवीकडे.

दोन सामने मी लिहीत राहिले. डावीकडे हुशार, मेहनती, खेळाची जाण असलेला, जणू मैदानावरचा कोच. उजवीकडे वेगवान, ताकदवान, उपजत, देवाची देणगी. एकाच प्रकारचा पास होता. दोघांनीही मान न वळवता, मागून येणाऱ्या सोबत्याला दिला होता. गोऱ्याने दिला तेव्हा त्याने आधी विचार केला होता. काळ्याने दिला तेव्हा त्याच्या रक्तातच होतं. दुसऱ्या सामन्याच्या शेवटी मला लिहायला नवीन शब्द मिळेनात, त्याच शब्दांपुढे फुल्या मारत गेले.

"व्हॉट आर यू काउंटिंग?" मुलीने विचारलं.

मी वही तिच्याकडे सरकवली. समजावून काही सांगितलं नाही. तिने डावीकडचं वाचलं, उजवीकडचं वाचलं, मग पुन्हा डावीकडचं.

"काय चाललंय दोघींचं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू, स्कोअर," मी म्हटलं.

परत जाताना गाडीत सहकारी म्हणाला, "तू यार काय लिहीत असतेस? आमच्यावर रिपोर्ट देणार आहेस का कुणाला?" तो हसत होता. मीही हसले. दोन शनिवारांत दोनदा. घरी येऊन मी बराच वेळ ओला कोट न काढता खुर्चीवर बसले. मला इंजिनिअरिंग कॉलेजचा पहिला दिवस आठवत होता. नोटिस बोर्डवर यादी होती आणि माझ्या नावापुढे कंसात दोन अक्षरं. माझ्यासोबत आलेली शाळेतली मैत्रीण, जिच्याबरोबर मी दहा वर्षं डबा खाल्ला होता, ती म्हणाली, "तुला काय, मिळणारच होती." ती वाईट बोलली नाही. नुसतं सांगितलं. मला किती मार्क होते आणि तिला किती, हे मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तोच मुद्दा होता असं होईल.

अमेरिकेत बोर्ड नव्हता, यादी नव्हती. दोन वर्षं मला कोणी कंसात घातलं नाही. हे सुख मी दीड दिवसाच्या गणपतीवर घेतलं होतं, आणि ते सोडायची माझी तयारी नव्हती.

मग शेवटचा शनिवार आला. चौसष्टातल्या चार टीम उरलेल्या. काकांनी पाहुणे बोलावले नव्हते. आम्ही नेहमीचे पाचजणच होतो. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती, कारण त्यांचा उपास होता. बाहेर पाऊस, आत हीटर. दुपारची वेळ होती तरी दिवे लावलेले.

सामना चांगला होता. शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा एक टीम एका गुणाने मागे होती. तिचा गार्ड, बुटका, काळा, बॉल घेऊन मध्यावर उभा राहिला. कॉलेजच्या खेळात बॉल टाकायला पस्तीस सेकंद मिळत, व्यावसायिक खेळात चोवीस. या जास्तीच्या सेकंदांनी कॉलेजचा खेळ रटाळ होतो असं माझं मत, पण त्या दिवशी तो मुलगा त्या सेकंदांचं काय करतोय ते मला दिसत होतं. तो घाई करत नव्हता. त्याने डावीकडे जायचं दाखवलं, समोरच्याने किती पावलं टाकली ते पाहिलं, परत आला. दुसऱ्यांदा तेच केलं. समोरचा तेवढीच पावलं गेला. तिसऱ्यांदा तो खरंच डावीकडे गेला, समोरचा या वेळी फसायचं नाही म्हणून जागेवर राहिला, आणि मधल्या फटीतून पास गेला. बास्केट.

समालोचक ओरडला की हे शिकवून येत नाही, हे निव्वळ उपजत.

"सी?" मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली. "इन्स्टिंक्ट. दे सेड इट अगेन. ही ट्राइड इट ट्वाइस फर्स्ट. ही वॉज थिंकिंग."

"काय?" काका म्हणाले.

तिने सांगितलं. वहीबद्दल, रेघेबद्दल, डावीकडच्या आणि उजवीकडच्या शब्दांबद्दल. ती इंग्रजीतून भरभर बोलत होती. काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ते रागावले नव्हते. मुलीशी नीट बोलायची संधी मिळाली की ते चष्मा काढून हातात धरायचे, तसा त्यांनी धरला.

"हे बघ बेटा," ते म्हणाले. "हे लोक काय म्हणतात ते सोड. फॅक्ट काय आहे? ह्या मुलांना कॉलेजने मार्क बघून घेतलं नाही. मग त्यांच्याबद्दल कोणी हुशार का म्हणावं? आमच्याकडेही असंच होतं. कोटा. माझी मेडिकलची सीट त्यात गेली. दोन मार्कांनी. माझ्यापेक्षा कितीतरी कमी मार्कवाला आत गेला आणि मी बाहेर. माझे वडील त्या दिवशी जेवले नाहीत."

हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते खरं असणार. त्यांचा आवाज जरा बसला होता.

"सो यू केम हिअर," मुलगी म्हणाली.

"सो आय केम हिअर. मेरिट असलेल्यांना बाहेर यावं लागतं." मग त्यांनी चष्म्यानेच माझ्याकडे खूण केली. "ताईला विचार हवं तर. बोलत नाही फार, पण बघ. चांगली शाळा, चांगलं घर, स्वतःच्या अकलेवर इथपर्यंत आली. तिला विचार किती कठीण असतं आपल्यासारख्यांना सीट मिळणं."

"खरंय," सहकारी म्हणाला. "ओपनमध्ये मरण आहे यार."

काकू माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मला ते कौतुक आवडायचं, हे लिहिलं नाही तर बाकी सगळं खोटं ठरेल. दोन वर्षं मी त्याच्या उबेला बसले होते.

मुलगी कार्पेटवरून माझ्याकडे बघत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर तो भाव होता जो गाडीत तिला तिची चूक सांगितली तेव्हा होता. म्हणजे तू सांगशील ते मी धरून चालेन.

"इज इट ट्रू, ताई?"

मला हसून निभावता आलं असतं. "हो गं, कठीण असतं," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. मला दिसत होतं की पुढच्या शनिवारी सहकारी कदाचित दाराशी हॉर्न वाजवणार नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात मी ज्या सहजतेने डबे उघडते, ती सहजता त्यांना आठवेल, आणि मलाही. कोणी काही बोलणार नाही. ही माणसं बोलणारी नव्हती. फोन कमी होतील. पण समोर ही मुलगी होती, आणि मी होय म्हटलं असतं तर ती ते आयुष्यभर माझ्या नावावर सांगत फिरली असती.

मी खिचडीची ताटली खाली ठेवली. तिला समजावं म्हणून सावकाश बोलले, पण बोलले मराठीतूनच, कारण ते तिच्या आईवडिलांनाही ऐकू जायला हवं होतं.

"मी कोट्यातूनच आले," मी म्हटलं. "आमच्याकडे गणपती बसत नाही, काकू, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. आम्ही बौद्ध आहोत. आणि काका, ती सीट मी कुणाची घेतली नाही. ती माझीच होती."